मेंढीकोट मोबाइलवर आणताना : एका छोट्या चमूचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका शहरात राहणाऱ्या तिघांनी, म्हणजे दोन प्रोग्रॅमर आणि एका चित्रकार मुलीने, २०२१ मध्ये मेंढीकोट हा पत्त्यांचा खेळ मोबाइलवर आणायचे ठरवले. आदल्या वर्षीच्या टाळेबंदीत नवी मुंबईच्या एका कंपनीचा, २०१६ साली निघालेला लुडो किंग घराघरांत पोहोचला होता आणि एरवी फोनवर फक्त बोलणारी मंडळी रात्री जेवणानंतर त्यावर सोंगट्या हलवू लागली होती. ज्या घरांत मे महिन्याच्या सुट्टीत दुपारभर मेंढीकोटचे डाव रंगत, त्या घरांतील माणसे आता पुणे, बंगळूर आणि परदेशात विखुरली आहेत, तेव्हा त्यांना पुन्हा एका डावावर बसवता येईल का, एवढाच त्यांचा पहिला विचार होता. चमूच्या संमतीने, नावे आणि ओळखीच्या खुणा वगळून, हे प्रकरण येथे मांडत आहे. त्यांच्या बैठकांच्या नोंदी मी वाचल्या आहेत आणि चाचणीच्या काही डावांना मी स्वतः हजर होतो.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, चार जण समोरासमोरच्या भिडूंच्या दोन जोड्या करून बसतात, प्रत्येकाला तेरा पाने मिळतात आणि चार दश्श्या, म्हणजेच मेंढ्या, आपल्या जोडीकडे खेचण्याचा प्रयत्न होतो. तीन मेंढ्या मिळाल्या की डाव जिंकला; दोन-दोन झाल्या तर सात किंवा अधिक हात (चौघांनी एकेक पान टाकले की एक हात) करणारी जोडी जिंकते; चारही मिळाल्या तर कोट होतो आणि तेराचे तेरा हात एकाच जोडीने केले तर बावन्नपानी कोट होतो, ज्याची आठवण समोरच्यांना पुढची कित्येक वर्षे करून दिली जाते. वाटणी आणि खेळ उजवीकडून फिरतात. हरलेल्या जोडीतील पिसणाऱ्याने पुन्हा पिसायचे असते, त्यामुळे पिसणे ही एक प्रकारची शिक्षाच असते.

अडचण कोठे आली

पहिली आवृत्ती दिसायला नेटकी होती. पाने स्वच्छ काढलेली होती, नावे मराठीत होती, हात झाला की चारही पाने सरकत जाऊन जिंकणाऱ्यापुढे गोळा होत असत. ती ओळखीच्या घरांत वाटण्यात आली, आठवडाभर लोक हौसेने खेळले आणि मग हळूहळू थांबले. कोणी तक्रार करून थांबले नाही, ही त्यातली सर्वांत अवघड गोष्ट होती. चमूने एकेकाला फोन करून विचारले तेव्हा दोन वाक्ये वारंवार ऐकू आली. पहिले, ‘हा आमचा मेंढीकोट नाही.’ दुसरे, ‘पाने बरोबर पडत नाहीत.’

पहिल्या वाक्याचा अर्थ त्यांना लवकर उमगला. दुसऱ्याचा उमगायला फार वेळ लागला, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकरणात शिकण्यासारखे सर्वाधिक त्यातच आहे.

कोणाचे नियम?

मेंढीकोटात हुकूम, म्हणजे बाकी रंगांना मारणारा रंग, ठरवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. कट हुकूमात हुकमाशिवाय खेळ सुरू होतो आणि ज्याच्याकडे उतारीच्या, म्हणजे त्या हातात पहिल्यांदा टाकलेल्या पानाच्या, रंगाचे पान नसेल तो जे दुसरे पान टाकतो, त्याचा रंग हुकूम ठरतो. बंद हुकूमात पिसणाऱ्याच्या उजवीकडचा खेळाडू आपले एक पान पालथे ठेवतो आणि कोणाकडे उतारीचे पान नसले की ते उघडायला सांगितले जाते. प्रोग्रॅम लिहायला कट हुकूम सोपा असल्यामुळे चमूने पहिल्या आवृत्तीत तेवढाच ठेवला होता. ज्या घरांत बंद हुकूमच खेळतात त्यांना तो परका वाटला, यात आश्चर्य नव्हते. शिवाय हुकूम उघडायला सांगणाऱ्याने हुकमाचे पान असल्यास तेच टाकले पाहिजे की नाही, तेरा हात पुरे होण्याआधी डाव सोडता येतो की नाही, अशा बाबींवर घरोघरी वेगवेगळे रिवाज होते, आणि प्रत्येक घराला आपलाच रिवाज हा मूळ नियम वाटत होता.

चमूपुढे प्रथम दोनच मार्ग दिसत होते. एक म्हणजे सर्वांसाठी एकच नियमावली ठरवायची आणि लोकांनी ती स्वीकारावी अशी अपेक्षा ठेवायची. हा मार्ग अगदीच गैर नाही. पचिसीचे लुडो असेच झाले. १८९६ साली इंग्लंडमध्ये लुडोचे पेटंट घेतले गेले तेव्हा कवड्यांच्या जागी फासा आला, समोरासमोर बसणारे भिडू गेले, प्रत्येक जण स्वतःपुरता खेळू लागला आणि तो साधा झालेला खेळ जगभर गेला. परंतु पट हरवला नसला तरी भिडू हरवला, आणि मेंढीकोटात भिडूच काढून टाकला तर मागे काहीच उरत नाही, हे तिघांनाही मान्य होते. दुसरा मार्ग म्हणजे सगळे पर्याय एका पानावर मांडून निवड खेळाडूंवर सोडायची. तसे पान त्यांनी तयार करून पाहिले. त्यावरचे पर्याय वाचता वाचता चाचणीला बसलेल्या काकूंनी फोन नातवाच्या हातात दिला आणि पुन्हा घेतला नाही.

मग त्यांनी जे आधीच करायला हवे होते ते केले : एका नातेवाइकांच्या घरी जाऊन खऱ्या पत्त्यांचे डाव नुसते पाहत बसले. तेथे कोणीही सुरुवातीला नियम ठरवत नव्हते. पिसणारा फक्त ‘बंद की कट?’ एवढे विचारत असे. बाकीचे प्रश्न तेव्हाच निघत जेव्हा ते प्रत्यक्ष डावात उभे राहत. मग आवाज चढत, कोणी मोठ्या काकांचा दाखला देत, तोडगा निघे आणि पुढे तोच नियम चालू राही. भांडण हा खेळातला अडथळा नव्हता, नियम घडवण्याची ती रीतच होती.

यातून तिसरा मार्ग निघाला. कुटुंबाच्या खोलीत, म्हणजे ओळखीचे चौघे मिळून खेळायच्या फोनवरच्या जागेत, सुरुवातीला एकच प्रश्न विचारायचा. पुढे जेव्हा पहिल्यांदा एखादा शंकेचा प्रसंग येईल, तेव्हा खेळ थांबवून तो प्रसंग चौघांसमोर साध्या शब्दांत मांडायचा आणि ते जे ठरवतील ते त्या खोलीपुरते कायमचे लक्षात ठेवायचे. अनोळखी माणसांच्या टेबलावर मात्र नियम आधीच ठरलेले आणि वर एका ओळीत लिहिलेले ठेवायचे. यासाठी प्रोग्रॅमची मांडणी मुळापासून बदलावी लागली, कारण नियम हे प्रोग्रॅमचा भाग न राहता खोलीच्या आठवणीचा भाग झाले. मला हा निर्णय या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

याच फेरबदलात एक लहान पण अत्यावश्यक दुरुस्ती झाली. पाळी फिरवण्यासाठी त्यांनी घेतलेला तयार कोड डावीकडून फिरणारा होता आणि तो तसाच राहिला होता. कोणाला नेमके सांगता येत नव्हते, पण जुन्या खेळाडूंची नजर सतत चुकीच्या बाजूला जात होती.

बंद हुकूम आल्यावर आणखी एक गोष्ट पुढे आली. हुकूम पालथा ठेवणाऱ्याच्या हातात बाराच पाने उरतात. घरी ते तेरावे पान त्याच्या गुडघ्याजवळ पडलेले असते. फोनवर ते दिसेनासे झाले. चाचणीच्या एका डावात आजींनी चित्रकार मुलीला विचारले, ‘अगं, माझं एक पान गेलं कुठे? बाराच दिसतायत.’ त्यानंतर ते पान पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पालथे दिसू लागले, आणि त्यावर बोट ठेवले तर फक्त ठेवणाऱ्यालाच ते क्षणभर उघडून दिसे.

पिसणी

‘पाने बरोबर पडत नाहीत’ ही तक्रार प्रथम कोणी गांभीर्याने घेतली नाही, कारण पिसणीचा भाग निर्दोष होता. फिशर आणि येट्स यांनी १९३८ साली मांडलेल्या आणि पुढे संगणकासाठी सोप्या केलेल्या पद्धतीने तो लिहिला होता. त्यात बावन्न पानांचा कोणताही क्रम सारख्याच शक्यतेने येतो. प्रोग्रॅमरांनी हजारो डाव वाटून पाहिले आणि गणिताप्रमाणे जे यायला हवे तेच येत होते. तरीही खेळाडू म्हणत होते की पाने सपाट पडतात, कोणाच्या हातात एकाच रंगाची रांग येत नाही, आणि बावन्नपानी कोट तर होतच नाही.

खेळाडू खोटे बोलत नव्हते. डाव संपतो तेव्हा कॅटमध्ये, म्हणजे पानांच्या गठ्ठ्यात, चार-चार पानांचे तेरा हात एकावर एक पडलेले असतात आणि त्यांतील बहुतेक हातांत एकाच रंगाची पाने असतात. १९९२ साली बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी दाखवून दिले की कॅटचे दोन भाग करून पाने एकमेकांत मिसळण्याच्या पद्धतीने पिसल्यास बावन्न पाने नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावे लागते. आपल्याकडे बहुतेक घरांत कॅट एका हातात धरून पानांचे पुंजके वरून खाली सोडतात, आणि त्या पद्धतीला तर याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. म्हणजे तीन-चारदा पिसून झाल्यावरही जुने हात जवळपास शाबूत असतात. त्यात मेंढीकोटात पाने एकेक करून वाटत नाहीत. आधी पाच, मग चार, मग पुन्हा चार अशी वाटतात. मागच्या डावातला बदामांचा अख्खा हात तसाच्या तसा एखाद्याच्या वाट्याला येतो, आणि त्याच्याकडे बदाम सात आणि चौकट एकही नाही असे होते. ब्रिज खेळणाऱ्यांना हे ठाऊक आहे. मुद्दाम न पिसता पुंजक्यांनी पाने वाटून रंगतदार डाव काढण्याच्या प्रकाराला ते गूलाश म्हणतात.

पूर्णपणे पिसलेल्या कॅटमध्ये मात्र एखाद्या खेळाडूकडे एक रंग अजिबात नसण्याची शक्यता साधारण ५ टक्केच असते. कट हुकूमात तर कोणाचा तरी एक रंग संपल्याशिवाय हुकूमच ठरत नाही. त्यामुळे यंत्राच्या निर्दोष पिसणीने मेंढीकोटाचे पहिले काही हात लांबले, हुकूम उशिरा पडू लागला आणि डावाची चव बदलली. आपण ज्याला मेंढीकोटाचा स्वभाव समजत होतो, त्यातला मोठा भाग अपुऱ्या पिसणीचा होता.

हे कळल्यावर तिघांत खरा मतभेद झाला. एका प्रोग्रॅमरचे म्हणणे असे की मुद्दाम वाईट पिसणे ही फसवणूक आहे. खेळाडूंना समजले तर त्यांचा विश्वास उडेल, आणि ज्याला मागचा डाव आठवतो त्याला अनुमान करता येईल. दुसऱ्याचे म्हणणे असे की घरी सगळ्यांना मागचा डाव आठवतच असतो आणि ते आठवणे हाच कौशल्याचा भाग आहे. चित्रकार मुलीने वेगळाच मुद्दा काढला : फोनवर पिसणेच उरलेले नाही, त्यामुळे हरण्याची शिक्षाही उरलेली नाही.

अखेर ठरले ते असे. अनोळखी टेबलावर पूर्ण पिसणीच राहील. कुटुंबाच्या खोलीत ‘घरची पिसणी’ हा पर्याय असेल. त्यात मागच्या डावातले हात ज्या क्रमाने गोळा झाले त्याच क्रमाने कॅट उचलला जाईल, हरलेल्या जोडीतील पिसणारा अंगठा फिरवून पाने पिसेल, जितक्या वेळा अंगठा फिरेल तितकेच पुंजके पडतील, शेजारचा कॅट काटेल आणि पाच-चार-चार अशी वाटणी होईल. हे कसे चालते ते खोलीतच दोन वाक्यांत स्पष्ट लिहिले जाईल. फसवणुकीचा आक्षेप या शेवटच्या अटीने दूर झाला असे मला वाटते, कारण सर्वांना सारखेच ठाऊक असलेली त्रुटी ही लबाडी नसते.

पान असून न टाकणे

उतारीच्या रंगाचे पान असून दुसरेच टाकणे ही घरच्या डावातली मोठी चोरी, आणि ती पकडणे हा मोठा आनंद. फोनवर चालणारीच पाने उजळ दिसतात, बाकीची मंद होतात, म्हणून चोरी अशक्य होते. चमूने ती परत आणायचा विचार केला आणि सोडून दिला, कारण चाचणीत ज्येष्ठ मंडळींना मंद पानांची मोठी मदत होत होती. किल्वर आणि इस्पिक लहान पडद्यावर सहज एकसारखे दिसतात. (हिरवे किल्वर आणि निळे चौकट करूनही पाहिले. एकाही घराने ते चालवून घेतले नाही.)

येथे एक बारीक दोष मात्र वेळीच लक्षात आला. टाकण्याजोगे एकच पान असेल तर ते आपोआप पडावे, म्हणजे वेळ वाचेल, अशी सोय होती. पण पान लगेच पडले की बाकीच्या तिघांना कळे की याच्याकडे त्या रंगाचे हे शेवटचे पान आहे. घरी माणूस अशा वेळी मुद्दाम पानांवरून बोट फिरवतो, विचार करत असल्याचे दाखवतो. ती सोय काढून टाकली आणि पान स्वतःच टाकायचे ठेवले.

भिडूला चोरून केलेल्या खुणांचा प्रश्न त्यांनी सोडवला नाही, आणि ते योग्यच केले असे मी म्हणेन. कुटुंबातले लोक खेळता खेळता फोनवर बोलतही असतात. ते भिडूला काय सांगतात यावर प्रोग्रॅमचा ताबा नसतो, आणि घरीही भिडूच्या भुवईवर कोणाचा ताबा नव्हता. अनोळखी टेबलावर मात्र फक्त ठरावीक तयार वाक्येच पाठवता येतात.

पैशांचा प्रश्न

सर्व्हरचा खर्च चालू होता. पहिल्या आवृत्तीत नाणी होती; जिंकले की मिळत, हरले की जात, आणि जाहिरात पाहिली की थोडी परत मिळत. चाचणीत दिसले की नाणी कमी होऊ लागली की मुले डाव अर्धवट सोडतात. घरी हरणारा उठून जात नाही; त्याला पिसायचे असते. नाणी काढली आणि त्यांच्या जागी प्रत्येक खोलीची एक वही आली, ज्यात कोणत्या जोडीवर किती कोट झाले एवढेच लिहिले जाते आणि पुसता येत नाही.

२०२३ मध्ये एका मध्यस्थाने पैसे लावून खेळण्याची टेबले सुरू करण्याचा प्रस्ताव आणला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले होते आणि मेंढीकोटही तसाच आहे, हा त्याचा मुख्य युक्तिवाद होता. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून अशा खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला होता, तरीही उत्पन्न मोठे दिसत होते. तिघांनी एक संध्याकाळ हिशेब मांडला आणि नकार दिला. त्यांच्या नोंदींत कारण कायद्याचे नाही; ज्या खोलीत आजी आणि दहा वर्षांची नात भिडू म्हणून बसतात, त्या खेळाच्या नावावर पैसे लावले जाऊ नयेत, असे लिहिले आहे. मला हा नकार मनापासून पटतो. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला आणि खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळवण्यास बंदी आली. त्यांनी तो मार्ग घेतला असता तर तोवर उभे केलेले सगळे एका रात्रीत बंद करावे लागले असते.

जाहिरातीही टिकल्या नाहीत, कारण डाव संपताच येणाऱ्या जाहिरातीवर ज्येष्ठांचे बोट पडे आणि ते भलत्याच ठिकाणी पोहोचत. शेवटी खोली उघडणाऱ्याने एकदाच थोडी रक्कम भरायची आणि बाकीच्यांनी फुकट खेळायचे, अशी व्यवस्था झाली.

परिणाम

कुटुंबाच्या खोल्या टिकल्या. त्या रोज उघडत नाहीत. रविवारी संध्याकाळी आणि सणाच्या आसपास उघडतात, आणि परदेशातील नातेवाइकांच्या वेळा सांभाळून चालतात. घरची पिसणी जवळजवळ सर्व खोल्यांनी स्वीकारली. अनोळखी टेबले मात्र ओस पडली. चौथा भिडू मिळत नाही म्हणून तेथे यंत्र बसवावे लागते. ते यंत्र इतरांची पाने पाहत नाही, फक्त पडलेली पाने लक्षात ठेवते, आणि ते यंत्र आहे हे स्पष्ट दाखवले जाते. तरी भिडूचा हात होत असताना आपली मेंढी केव्हा सोडायची याचा अंदाज त्याला येत नाही, आणि ज्याचा भिडू यंत्र आहे तो दुसऱ्या डावाला थांबत नाही.

उत्पन्नातून सर्व्हरचा खर्च निघतो. तिघांचेही पोट दुसऱ्या नोकरीवर चालते. उपजीविकेचा व्यवसाय म्हणून पाहिले तर हा प्रयत्न जमलेला नाही, आणि ते तसे उघडपणे मान्य करतात.

वेगळे काय करता आले असते

पडद्याची चित्रे काढण्याआधी खऱ्या डावांपाशी बसायला हवे होते. तसे झाले असते तर पाळीची दिशा, बंद हुकूम आणि पिसणी हे तिन्ही प्रश्न पहिल्या आठवड्यातच पुढे आले असते. दुसरे, ‘पाने बरोबर पडत नाहीत’ हे वाक्य भ्रम समजून बाजूला ठेवले गेले. खेळाडूला कारण सांगता येत नाही याचा अर्थ त्याचा अनुभव चुकीचा आहे असा होत नाही, आणि ती तक्रार कानावर आली तेव्हाच एखाद्या घरचे वाटलेले डाव लिहून घेऊन यंत्राच्या डावांशेजारी ठेवता आले असते. तिसरे, अनोळखी टेबलांवर खर्च झालेली मेहनत टाळता आली असती. हा खेळ ओळखीच्या माणसांचा आहे, याचे संकेत सुरुवातीपासून मिळत होते. पण मोबाइलवरच्या खेळाला अनोळखी टेबल असलेच पाहिजे, हे गृहीत कोणी तपासले नाही.

एका बाबतीत मला चमूचा निर्णय अजून पटलेला नाही. डाव अर्धवट राहिला आणि एखाद्याचे नेटवर्क गेले तर त्याच्या जागी यंत्र खेळू लागते. कुटुंबाच्या खोलीत तरी डाव तसाच थांबवून ठेवावा आणि माणूस परत आल्यावर पुढे न्यावा, कारण घरी कोणी दार उघडायला उठले तर त्याची पाने दुसरा कोणी उचलत नाही. तिघांचे म्हणणे असे की वाट पाहणारे तिघे कंटाळतात. यावर चाचणी व्हायची आहे.

सध्या ते चारही दुर्र्या काढून अठ्ठेचाळीस पानांचा, सहा जणांचा मेंढीकोट तयार करत आहेत, ज्यात प्रत्येकाला आठ पाने येतात आणि भिडू एकाआड एक बसतात. यावेळी कोडची एकही ओळ लिहिण्याआधी ते दोन घरांत, वही घेऊन, खऱ्या कॅटचे डाव पाहून आले आहेत.